सहा पौंडी, वीस पौंडी

मी वढू बुद्रुकचा. आमच्या गावाचं नाव घेतलं की संभाजी महाराजांची समाधी डोळ्यांपुढे येते, आणि ते रास्तच आहे. मी मात्र आज बोलणार आहे प्लॅस्टिकच्या रणगाड्यांबद्दल. रणगाड्यांची किटं जोडण्याचा छंद मला आहे, आणि त्यांतल्या एका रणगाड्याचं मूळ आमच्या शेजारी, कोरेगाव भीमाला सापडतं.

१ जानेवारी १८१८ रोजी तिथे कॅप्टन स्टाँटनच्या हाताखाली कंपनीची तुकडी लढली. तिच्यातल्या पायदळात महार शिपाई मोठ्या संख्येनं होते. धारातीर्थी पडलेल्यांची नावं जयस्तंभावर आहेत. सोबत दोन सहा पौंडी तोफा होत्या आणि सुमारे अडीचशे घोडेस्वार. या घोडेस्वारांविषयी फारसं बोललं जात नाही. ते घोडदळ १८१७च्या पुणे तहानं उभं राहिलेलं. खर्च पेशव्यांनी तोडून दिलेल्या मुलखाच्या वसुलातून, हुकूम मात्र इंग्रजांचा. वर्ष उलटायच्या आत ते पेशव्यांच्याच फौजेपुढे उभं ठाकलं! पुढे त्याचं ‘पूना हॉर्स’ झालं. घोडे गेले, रणगाडे आले.

स्वतंत्र भारतात याच पूना हॉर्सनं ‘सेंच्युरियन’ रणगाड्यांनिशी दोन युद्धं गाजवली. सप्टेंबर १९६५मध्ये फिलोऱ्याच्या आघाडीवर लेफ्टनंट कर्नल आर्देशिर तारापोर जखमी होऊनही मागे फिरले नाहीत. १६ तारखेला ते पडले. १६ डिसेंबर १९७१ला बसंतरच्या लढाईत सेकंड लेफ्टनंट अरुण खेतरपाल पेटता रणगाडा सोडायला तयार झाले नाहीत, कारण तोफ अजून चालत होती. वय २१, जन्म पुण्याचा. दोघांनाही मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं.

हा सेंच्युरियन जोडायचा, तर खोका कुठला घ्यायचा? छंदी मंडळींत १:३५ हे माप रूढ आहे. त्याची कथा मजेशीर आहे. जपानच्या तामिया कंपनीनं १९६०च्या सुमारास जर्मन ‘पँथर’ काढायचं ठरवलं, तेव्हा आत मोटर आणि बॅटऱ्या मावणं भाग होतं. त्या मावतील एवढा रणगाडा केला आणि मग माप काढलं, ते एकास पस्तीस निघालं! या मापात सेंच्युरियन, तोफेची नळी सोडून, जेमतेम २२ सेंटीमीटर भरतो.

पूना हॉर्सचं चित्र असलेला खोका मला दुकानात कधी दिसला नाही. दिसतात ते ब्रिटिशांचे, ऑस्ट्रेलियनांचे. तेव्हा आधी नळीकडे पाहावं. १९६५च्या आपल्या सेंच्युरियनवर २० पौंडी, म्हणजे ८४ मिलिमीटरची तोफ होती आणि नळीवर मध्यावर एक फुगवटा होता. गोळा सुटल्यावर धूर आत माणसांच्या अंगावर येऊ नये, यासाठी ती सोय. तामियाचा कोरियन युद्धातला सेंच्युरियन उत्तम आहे, पण त्याची नळी सरळ. आपल्या कामाचा नाही. तैवानच्या एएफव्ही क्लबचा व्हिएतनाममधला ऑस्ट्रेलियन रणगाडा जवळचा पडतो. फक्त त्याची मागची जादा इंधनटाकी लावायची नाही. कोरेगावच्या तोफेचा गोळा पावणेतीन किलोचा होता, हिचा सुमारे नऊ किलोचा. नळी घासताना हा हिशेब माझ्या मनात हटकून येतो.

शंका आली की नगर रस्ता धरावा. नगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, चिलखती दलाचं संग्रहालय १९९४पासून आहे. पॅटन, विजयंता, दुसऱ्या महायुद्धातली जपानी आणि ब्रिटिश यंत्रं, सगळं उघड्यावर मांडलेलं. चाकांवरच्या पोलादी पाट्या कशा बसतात, हे एकदा तिथे पाहिलं की खोक्यातला नकाशा वाचायला सोपा जातो. खेतरपालांचा ‘फॅमागुस्टा’ही नगरच्या आर्मर्ड कोअर सेंटरनं जपून ठेवला आहे.

बहुतेक किटं बाहेरून काटेकोर असतात, आतून रिकामी. सेंच्युरियनमध्ये चार माणसं बसत: कमांडर, तोफची, गोळा भरणारा आणि चालक. त्यांच्या बसायच्या जागा किटमध्ये नसतात. मी त्या पुठ्ठा आणि तारेतून करतो. झाकण लावल्यावर त्या कुणालाच दिसत नाहीत.