देव न मानणारे प्राचार्य : फर्ग्युसनच्या आवारातला एक जुना प्रश्न

१/ ऑगस्ट २०२१. हार्वर्ड विद्यापीठातील चॅप्लेन, म्हणजे विद्यार्थ्यांच्या सुखदुःखाची आणि श्रद्धेची विचारपूस करणारे निरनिराळ्या धर्मांचे उपदेशक, आपला अध्यक्ष निवडतात. निवड होते ग्रेग एपस्टाईन यांची. हे गृहस्थ निरीश्वरवादी!

२/ हार्वर्डमध्ये मानवतावादी चॅप्लेनचे काम १९७४ पासून चालू आहे. ते सुरू करणारे टॉम फेरिक पूर्वाश्रमीचे कॅथलिक पाद्री होते. घरापासून दूर आलेल्या, शोकात वा संशयात सापडलेल्या तरुणाला देवाचे नाव न घेता आधार द्यावयाचा, असे त्या कामाचे स्वरूप. आपल्याकडे हे पद रुजले नाही. त्यामागचा प्रश्न मात्र येथे १८८०च्या दशकातच उभा राहिला होता.

३/ त्या काळी पारशिवनीसारख्या गावातून एखादा मुलगा उच्च शिक्षणासाठी नागपुरात आला असता, तर त्याच्यापुढे दोन वाटा होत्या. १८८३ साली स्कॉटिश मिशनने काढलेले हिस्लॉप कॉलेज, जेथे शिक्षणाला बायबलची जोड होती. आणि १८८५ साली निघालेले मॉरिस कॉलेज, जे मिशनचे नव्हते.

४/ मिशनरी म्हणत, धर्मावाचून दिलेले शिक्षण मुलांना बिघडवते. गंमत अशी की सनातनी मंडळींची तक्रारही जवळपास हीच होती. फक्त धर्म कोणता, एवढाच वाद.

५/ १८८२ साली नेमलेल्या हंटर आयोगाने यावर तोडगा सुचवला : निसर्गसिद्ध धर्माच्या मूलतत्त्वांवर आधारलेले नीतिपाठाचे एक पुस्तक तयार करावे आणि प्रत्येक महाविद्यालयात प्राचार्याने किंवा एखाद्या प्राध्यापकाने मनुष्याची व नागरिकाची कर्तव्ये यांवर व्याख्याने द्यावीत. आयोगाचे सदस्य काशिनाथ त्र्यंबक तेलंग यांनी या शिफारशीशी असहमती नोंदवली. पाठ्यपुस्तकाने नीती येत नाही, हा त्यांच्या म्हणण्याचा गाभा.

६/ मग ती येते कशाने? या प्रश्नाला पुण्यात एका माणसाच्या आयुष्याने उत्तर दिले. गोपाळ गणेश आगरकर. जन्म १८५६, कऱ्हाडजवळचे टेंभू. घरची परिस्थिती बेताची. शालेय शिक्षणाचा शेवटचा टप्पा वऱ्हाडात, अकोल्याला झाला. तेथे विष्णु मोरेश्वर महाजनी यांच्यासारखा गुरू लाभला. पुढे डेक्कन कॉलेज, मिल आणि स्पेन्सर यांचे वाचन, आणि ईश्वराविषयी खात्रीने काही सांगता येत नाही, ही भूमिका.

७/ २ जानेवारी १८८५ रोजी फर्ग्युसन कॉलेज सुरू झाले. ते एतद्देशीयांनी चालवलेले होते आणि मिशनचे नव्हते. वामन शिवराम आपटे यांच्या निधनानंतर १८९२ साली प्राचार्यपद आगरकरांकडे आले. देवतांची कल्पना माणसाच्या मनात कशी उपजली, यावर ‘सुधारक’मध्ये उघड लिहिणारा माणूस आता शेकडो घरांतील मुलांचा पालक झाला.

८/ ही जबाबदारी सोपी नव्हती. मुले बहुतांशी सोवळ्याओवळ्याच्या घरांतली आणि संस्था देणग्यांवर चालणारी. प्राचार्याचे लेख वाचून बापाने मुलाला काढून नेले, तर काय? तरीही आगरकरांनी लेखणी म्यान केली नाही. विरोधकांनी त्यांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली, तीही त्यांच्या घरावरून.

९/ याच काळात, मार्च १८९३ मध्ये, फर्ग्युसनचे गणिताचे प्राध्यापक धोंडो केशव कर्वे यांनी गोदूबाई या विधवेशी विवाह केला. मुरूडच्या गावकऱ्यांनी त्यांच्यावर बहिष्कार घातला. महाविद्यालयातील त्यांची जागा मात्र कायम राहिली. ज्या विद्यार्थ्यांनी हे रोज पाहिले, त्यांना नीतीवरील व्याख्यानाची कितपत गरज होती?

१०/ आगरकरांना दम्याने ग्रासले होते. १७ जून १८९५ रोजी ते गेले, वय अवघे ३८. त्यांच्या अंत्यविधीपुरते पैसे त्यांनी स्वतःच पुडीत बांधून ठेवले होते, असे सांगतात. परलोकाचे आश्वासन न मागता मरणाची तयारी करणारा प्राचार्य विद्यार्थ्यांनी पाहिला. ज्यांच्याशी वर्षानुवर्षे भांडण झाले त्या टिळकांनीच ‘केसरी’त मृत्युलेख लिहिला.

११/ कथा येथे संपली असती, तर ती फारच गोड झाली असती. आगरकरांच्या काळात फर्ग्युसनमध्ये शिकलेला एक विद्यार्थी, कर्व्यांच्या आजोळच्या नात्यातला, १८९९ साली केंब्रिजला सीनियर रँग्लर झाला : रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे. दिलेल्या शब्दाप्रमाणे परत येऊन १९०२ साली, वयाच्या २६व्या वर्षी, तो प्राचार्य झाला.

१२/ परांजपे आगरकरांच्याही पुढे गेलेले, उघड बुद्धिवादी. पुढे ते भारतातील बुद्धिवादी संघटनेचे अध्यक्ष झाले. पण तरुणांचा सांभाळ म्हणजे केवळ संशयाला मोकळीक नव्हे, हे १९०५ साली दिसले. परदेशी कापडांच्या होळीत पुढाकार घेणाऱ्या एका विद्यार्थ्याला त्यांनी दहा रुपये दंड केला आणि वसतिगृहातून काढले. विद्यार्थ्याचे नाव विनायक दामोदर सावरकर.

१३/ असे गुरू आमचे गुरूच नव्हेत, असा सूर ‘केसरी’ने लावला. आरोप धर्मबुडवेपणाचा नव्हता, राष्ट्राकडे पाठ फिरवल्याचा होता. देवावाचून मुलांना वळण लावता येते, हे परांजप्यांना मान्य होते. सरकारच्या रोषावाचून महाविद्यालय चालवता येते का, याची त्यांना खात्री नसावी. आगरकर असते तर त्यांनी काय केले असते? १८८२ साली डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढलेला तो माणूस होता. दुसरीकडे, संस्था जगवण्यासाठी त्यानेही आयुष्य वेचले होते.

१४/ वसतिगृह सुटले, तरी सावरकरांची परीक्षा चुकली नाही. त्याच वर्षी ते फर्ग्युसनमधून बी. ए. झाले. पुढे रत्नागिरीच्या स्थानबद्धतेत पोथीप्रामाण्याविरुद्ध त्यांनी जे लिहिले, त्यातील कित्येक मते त्यांना दंड करणाऱ्या प्राचार्यांच्या मतांच्या फार जवळची होती.