पडद्याआडची कवायत

काही दुखणी अशी असतात, की त्यांचे नाव घरात कोणी उच्चारीत नाही. दोन-चार बाळंतपणे झालेली बाई शिंकली, खोकली, नाहीतर खळखळून हसली की लघवीचे थेंब गळतात. जड हंडा उचलला की अंग बाहेर येते. ती मुकाट्याने साडी बदलते आणि कामाला लागते. कोणी जवळच्या बाईने विचारलेच, तर म्हणते, ‘बाईच्या जन्माचा भोग, दुसरे काय!’ या भोगावर एक कवायत आहे, आणि त्या कवायतीला शंभराहून अधिक वर्षांचा इतिहास आहे.

ओटीपोटाच्या तळाशी, पुढच्या हाडापासून मागच्या माकडहाडापर्यंत, स्नायूंची एक झोळी ताणलेली असते. मूत्राशय, गर्भाशय आणि गुदाशय तिच्या आधाराने राहतात. बाळंतपणात ही झोळी ताणली जाते, कधी फाटते. पुढे वय तिला आणखी सैल करते. परंतु दंडाच्या स्नायूला जशी तालीम देता येते, तशी तिलाही देता येते.

ही गोष्ट प्रथम ओळखणाऱ्यांत लंडनच्या सेंट टॉमस इस्पितळातील मिनी रँडेल या बाई होत्या. १९१२ च्या सुमारास तेथील प्रसूतितज्ज्ञ फेअरबेर्न यांच्या प्रोत्साहनाने त्यांनी बाळंतिणींसाठी व्यायाम बसविले. बाळंतिणीने अंथरुणात पडून राहावे, हाच त्या काळचा शिरस्ता होता! पुढे मार्गारेट मॉरिस ही नर्तकी त्यांना येऊन मिळाली. तिने स्नायूंचे शास्त्र रीतसर शिकून घेतले होते. १९३६ साली दोघींचे बाळंतिणींच्या व्यायामांवरील पुस्तक निघाले.

जगाने मात्र या व्यायामाला नाव दिले ते एका पुरुषाचे. अमेरिकेत लॉस एंजेलिसला डॉ. आर्नल्ड केगल हे स्त्रीरोगतज्ज्ञ होते. शस्त्रक्रियेखेरीज काही करता येईल का, या विचारात त्यांनी ‘पेरिनिओमीटर’ नावाचे उपकरण तयार केले. योनीमार्गात बसणारा हवेचा रबरी भाग आणि त्याला जोडलेली दाब दाखविणारी तबकडी, एवढाच त्याचा थाट. स्नायू आवळला की काटा हले. आपल्या अंगात असा काही स्नायू आहे, याची जाणीवच ज्यांना उरली नव्हती, अशा बायकांना त्याचे बळ डोळ्यांनी दिसू लागले. १९४८ साली केगल यांनी आपला निबंध प्रसिद्ध केला. रोज तीन वेळा, वीस-वीस मिनिटे, असा त्यांचा अभ्यासक्रम होता.

पुढे झाले असे, की व्यायामाचे नाव सर्वतोमुखी झाले आणि काटा व शिकविणारा माणूस मागे पडला. ‘आवळा आणि सोडा’ एवढा तोंडी सल्ला तेवढा उरला. १९९१ साली अमेरिकेत ४७ स्त्रियांना असे थोडक्यात सांगून तपासले, तेव्हा सुमारे निम्म्याच जणींना तो नीट जमला. चौथा हिस्सा बायका तर दुखणे वाढेल अशा रीतीने जोर लावीत होत्या! शिवाय काहींचे स्नायू सैल नसून आखडलेले असतात. त्यांना आवळायला नव्हे, सैल सोडायला शिकवावे लागते. नुसत्या पाठांतराने गणित येत नाही, हे शाळेत रोज पाहणाऱ्याला यात नवल वाटू नये.

आज इंग्लंडमधील वैद्यकीय मार्गदर्शिका खोकताना-शिंकताना होणाऱ्या गळतीवर जाणकाराच्या देखरेखीखाली निदान तीन महिने हाच व्यायाम सांगते, तो गोळ्या-शस्त्रक्रियेच्या आधी. फ्रान्समध्ये बाळंतिणीच्या अशा उपचाराचा खर्च सरकारी विमा उचलतो.

आणि आपल्याकडे? डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीच्या दोन खेड्यांतील ६५० स्त्रियांची तपासणी करून १९८९ साली जगापुढे मांडले, की शंभरात ९२ जणींना स्त्रीरोगाची काही ना काही व्याधी होती. पूर्वी कधी तपासणी झालेल्या मात्र शंभरात आठच होत्या. त्या व्याधी अनेक प्रकारच्या होत्या. मौन तेवढे एकच होते.

मुंबई-पुण्याला आज हा उपचार शिकविणाऱ्या फिजिओथेरपिस्ट बाया आहेत. पण त्यांच्या दारापर्यंत पोहोचायचे, तर आधी घरात तोंड उघडले पाहिजे. या दिवाळीत माहेरी आलेल्या लेकीला, फराळाच्या राशीपुढे तासन् तास बसलेल्या आईला, एवढे एकदा विचारावे. आणि तिने सांगितले, तर भोग म्हणून सोडून देऊ नये.