दोष उन्हाचा की पंख्याचा

गाडी तापली की दोष उन्हाचा, हा ग्वाल्हेरचा जुना न्याय. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, तिथे कंपनीला कोण जाब विचारणार? अ‍ॅम्बेसेडरच्या काळात हे खपूनही गेलं. तिचा पंखा पट्ट्यानं इंजिनाशी बांधलेला. महाराज बाड्यावरच्या गर्दीत गाडी रखडली की इंजिन मंद, म्हणून पंखाही मंद, आणि काटा वर. ड्रायव्हर पाण्याचा डबा बाळगत. मिस्त्री थर्मोस्टॅटच काढून टाकत.

१९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० आली आणि पंखा विजेवर गेला. पाणी ठरावीक तापलं की स्विच मोटर चालू करतो, गाडी उभी असली तरी. सोय मोठी, पण मोटर जाम झाली तर काटा चढेपर्यंत पत्ता लागत नाही. शहरातल्या लष्कर भागातल्या आमच्या वर्कशॉपात यावर एकच इलाज चाले: ‘पंखा डायरेक्ट करा.’ म्हणजे स्विच वगळून वायर थेट इग्निशनला. गिऱ्हाईक खूश! पुढे कधीतरी कनेक्टर उघडावा, तर प्लास्टिक तपकिरी झालेलं आणि पिन त्यात अशी रुतलेली की पकडीशिवाय निघत नसे. मात्र जिथे कुणी हात लावला नव्हता, अशा एकाच मॉडेलच्या गाड्यांतही तीच पिन जळालेली दिसू लागली, तेव्हा उन्हाला दोष देणं मी सोडलं.

बाहेर असल्या दोषासाठी गाड्या परत बोलावतात. जानेवारी २०१२ मध्ये बीएमडब्ल्यूनं जगभरातल्या सुमारे २ लाख ३५ हजार मिनी बोलावल्या. टर्बो थंड ठेवणाऱ्या विजेच्या पंपाचं सर्किट तापून आग लागण्याचा धोका होता. त्याच वर्षी जुलैत आपल्याकडे वाहन उत्पादकांच्या ‘सियाम’नं स्वेच्छेची आचारसंहिता आणली. कायद्यात कलम आलं २०१९ च्या दुरुस्तीनं, आणि १ एप्रिल २०२१ पासून दंडाचे नियम लागू झाले, कमाल १ कोटी. गाडी सात वर्षांच्या आतली हवी, ही अट मला खटकते. आमच्याकडे मोटरी दगा देतात त्या बहुधा त्यानंतरच.

शिवाय ग्वाल्हेरची भानगड निराळी. व्यापार मेळ्यात रोड टॅक्समध्ये ५० टक्के सूट मिळते, म्हणून लांबलांबचे लोक इथून गाडी नेतात. एमपी ०७ ची पाटी इंदुरात फिरते, मालक दोनदा बदलतो, आणि कंपनीचं पत्र पहिल्याच पत्त्यावर जाऊन पडतं. जुनी गाडी घेणाऱ्याला मी म्हणूनच सांगतो: आधी चासी नंबर घेऊन शोरूमला विचारा, पंख्याचं काही काम बाकी आहे का.