अर्पणपत्रिकेपासून आफ्रिकेपर्यंत : लेखणी कोणाच्या हातात?

'गुलामगिरी' १८७३ साली प्रसिद्ध झाले. जयंतीच्या फलकावर आपण त्याचे मुखपृष्ठ छापतो, पण त्याची अर्पणपत्रिका आपल्यापैकी किती जणांनी वाचली आहे? गंजपेठेत राहणाऱ्या जोतीरावांनी हे पुस्तक अर्पण केले ते काळ्या गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतील भल्या लोकांना. आफ्रिकेतून जहाजात कोंबून नेलेल्या माणसांचे दुःख त्यांनी शूद्रातिशूद्रांच्या दुःखाशेजारी ठेवले. बाबासाहेबांच्या जन्माआधी १८ वर्षे हे घडले. तरुणपणी थॉमस पेनचे 'राइट्स ऑफ मॅन' वाचून जोतीराव हलले होते. एक पुस्तक वाचणाऱ्याला कुठे नेऊ शकते, याचे याहून चांगले उदाहरण पुण्यात शोधून सापडणार नाही.

पण एक गोष्ट लक्षात घ्या. ही अर्पणपत्रिका गुलामांना मुक्त करणाऱ्यांना आहे. गुलामांची स्वतःची लेखणी तोवर आपल्याकडे पोहोचायची होती. खरे तर अमेरिकेत फ्रेडरिक डग्लस यांनी स्वतःच्या गुलामीची कहाणी १८४५ मध्येच लिहिली होती, आणि फुल्यांच्या शाळेतली मुक्ता साळवे ही मांग समाजातली मुलगी १८५५ मध्ये 'ज्ञानोदय'मधून आपल्या जातीचे दुःख स्वतः मांडत होती. दोन खंडांतले हे दोन आवाज एकमेकांना ठाऊक नव्हते.

ते अंतर पुढे कमी झाले. १९४६ मध्ये बाबासाहेबांनी डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहिले. अमेरिकेतील काळे लोक संयुक्त राष्ट्रांकडे जे निवेदन देत होते, त्याच्या प्रती त्यांना हव्या होत्या. हे उपकारकर्त्याला लिहिलेले पत्र नव्हते. एका लढणाऱ्याने दुसऱ्या लढणाऱ्याकडे कागदपत्रे मागितली होती. पुढे अमेरिकेत शिकून आलेले म. ना. वानखेडे आणि समीक्षक जनार्दन वाघमारे यांनी काळ्यांचे साहित्य मराठीत चर्चेला आणले. १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली, नावच ब्लॅक पँथरवरून घेतलेले. त्याच वर्षी पुण्याच्या 'साधना'च्या स्वातंत्र्यदिन अंकातील राजा ढाले यांच्या लेखाने केवढे वादळ उठवले, हे जुन्या कार्यकर्त्यांना विचारा.

माझी तक्रार इथून पुढे सुरू होते. आपण अमेरिकेपर्यंत गेलो आणि थांबलो. खुद्द आफ्रिका वाचलीच नाही. चिनुआ अचेबे यांची 'थिंग्ज फॉल अपार्ट' १९५८ ची. गोऱ्यांनी रंगवलेल्या 'रानटी' आफ्रिकेला तिथल्याच माणसाने दिलेले ते उत्तर आहे. आपले चित्र दुसऱ्याने रंगवणे म्हणजे काय, हे आपल्याला कोणी समजावून सांगायला नको.

आणि केनियाचे न्गुगी वा थिओंगो! इंग्रजीत नाव कमावलेला हा लेखक. १९७७ मध्ये कामिरिथू गावातल्या शेतकरी-कामगारांना घेऊन त्यांनी गिकुयू भाषेत नाटक उभे केले. सरकारने नाटक बंद पाडले आणि न्गुगींना खटला न चालवता वर्षभर तुरुंगात ठेवले. इंग्रजीत लिहीत होते तोवर सरकारला एवढी भीती वाटली नव्हती, हे विसरू नका. तुरुंगात त्यांनी शौचालयातल्या कागदावर गिकुयूत कादंबरी लिहिली. ती बाहेर आल्यावर लोक ती घरात, बसमध्ये, दारूच्या गुत्त्यात मोठ्याने वाचत आणि अक्षरओळख नसलेले ऐकत. आपल्याला हे ओळखीचे वाटायला हवे. 'शेतकऱ्याचा असूड' जोतीरावांनी हडपसर, जुन्नर, ओतूरला शेतकऱ्यांपुढे असाच वाचून दाखवला होता.

मी वस्तीत अभ्यासिका चालवते. १४ एप्रिलला, ६ डिसेंबरला आपल्या स्टॉलवर पुस्तकांचे ढीग लागतात, पण न्गुगी, अचेबे मराठीत मागितले की विक्रेता माझ्याकडेच बघतो. भाषांतर करणार कोण? इंग्रजीवरून करायला हरकत नाही, फुल्यांनीही अमेरिका इंग्रजीतूनच वाचली. अडलेल्या शब्दांसाठी लांब जायची गरज नाही. पुण्यात आफ्रिकेतले कितीतरी विद्यार्थी शिकतात, त्यांत केनियाचेही असतात. त्यांना खोली मिळताना किती दारे बंद होतात, हे आपण बघतो. निळा झेंडा लावलेल्या घरांतूनही त्यांच्या रंगावर केलेले विनोद मी ऐकले आहेत.