कंपू, कॅम्प, कॅम्पस

लॅटिन भाषेत ‘काम्पुस’ म्हणजे सपाट मैदान. रोममध्ये युद्धदेव मार्सच्या नावाने राखलेल्या अशा एका मैदानावर सैनिकांची कवायत चाले. पुढे युरोपीय भाषांत मैदानाच्या या शब्दाला छावणीचा आणि मोहिमेचा अर्थ चिकटला. मराठीत तो तीन रूपांनी आला आणि पुण्यात तिन्ही रूपे आजही ऐकू येतात.

सर्वांत जुने रूप ‘कंपू’. त्याचे मूळ इंग्रजी ‘कॅम्प’मध्ये की पोर्तुगीज ‘काम्पो’मध्ये, यावर १८८६ सालच्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ कोशाचा कौल पोर्तुगीजकडे झुकतो. मराठेशाहीत कंपू म्हणजे युरोपीय अंमलदाराच्या हाताखालची कवायती फौज. महादजी शिंद्यांनी १७८४ मध्ये डी बॉयन या युरोपीय अंमलदाराला चाकरीस ठेवले आणि त्याने अशा पलटणी उभ्या केल्या. १७९५ मध्ये खर्ड्याच्या लढाईत शिंद्यांचे कंपू पेरॉन या दुसऱ्या युरोपीय अंमलदाराने लढवले. २५ ऑक्टोबर १८०२ रोजी हडपसरजवळ यशवंतराव होळकरांनी पेशवे आणि शिंदे यांच्या फौजेचा पराभव केला, तेव्हा कवायती पलटणी दोन्हीकडे होत्या. ग्वाल्हेरात कंपू नावाची वस्ती अजून आहे. मराठीत मात्र कवायत गेली आणि हितसंबंध जपणाऱ्यांचे टोळके तेवढे उरले. वाङ्मयीन भांडणांत ‘कंपूशाही’ हा आरोप हमखास होतो. तो करणाऱ्यांचाही बहुधा एक कंपू असतोच.

‘कॅम्प’ आला तो पेशवाई बुडाल्यावर, पुणे शहराच्या पूर्वेला वसलेल्या इंग्रजी छावणीबरोबर. पुणेकर त्या भागाला फारसी शब्दाने ‘लष्कर’ही म्हणतात.

स्लाव्ह आणि तुर्की भाषांत याच कुळातल्या शब्दांनी वेगळ्या वाटा धरल्या. क्रोएशियन ‘कांप’ म्हणजे पर्यटकांनी तंबू ठोकायची जागा. पोलिश ‘काम्पान्या’ लष्करी मोहिमेला आणि निवडणुकीच्या प्रचाराला चालतोच, शिवाय बीटपासून साखर काढण्याच्या दिवसांनाही चालतो. महाराष्ट्रात साखर काढण्याच्या दिवसांना गळीत हंगाम म्हणतात. तुर्कस्तानात दुकानातली सवलत ही ‘कांपान्या’. उलट दिशेचा प्रवासही झाला: छावणीचा तुर्की शब्द ‘ओर्दू’ भारतात एका भाषेचे नाव झाला.

‘कॅम्पस’ सर्वांत नवा. शिक्षणसंस्थेचे आवार हा त्याचा अर्थ अठराव्या शतकात अमेरिकेतल्या प्रिन्स्टनला रूढ झाला; तुर्की आणि रशियन भाषांनीही तोच घेतला. पुणे विद्यापीठ १९४९ मध्ये सुरू झाले, त्याचे कॅम्पस गणेशखिंडीत, गव्हर्नरच्या जुन्या निवासस्थानाच्या आवारात आहे. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनी या शब्दाला आणखी एक अर्थ दिला आहे. ‘कॅम्पसमधून लागला’ म्हणजे कंपनीने महाविद्यालयात येऊन मुलाखत घेतली आणि नोकरी दिली.