आठवड्याचे पाच शिलिंग, एकरकमी दहा पौंड

घरगुती पाळणाघरांचे दर आपल्याकडे साधारण एकाच साच्याचे असतात. अर्धा दिवस, पूर्ण दिवस, जेवणासह किंवा डबा घरचा. मुलाला न्यायला उशीर झाला तर वेगळे पैसे. दर जास्त वाटला तर पालक घासाघीस करतात. पैसे दरमहा द्यायचे की एकदाच, हा प्रश्न मात्र कुणाला पडत नाही. एकोणिसाव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये पुष्कळ तान्ह्या मुलांचे जगणे-मरणे याच प्रश्नावर अवलंबून होते.

१८३४च्या गरीब कायद्याने अनौरस मुलाच्या पोषणाचा भार आईवर टाकला. १८४४ नंतर तिला बापावर दावा लावता येऊ लागला. पण पहिले सहा आठवडे सोडले, तर मिळणारी रक्कम आठवड्याला जास्तीत जास्त अडीच शिलिंग. मूल कडेवर घेऊन घरकामाची नोकरी मिळणे जवळपास अशक्य होते. मग मूल पैसे देऊन दुसरीच्या घरी ठेवायचे, हाच मार्ग उरे. मुले सांभाळण्याच्या या धंद्याला पुढे ‘बेबी फार्मिंग’ असे तिरस्काराचे नाव पडले.

या धंद्यात दराचे मुख्य प्रकार दोन. पहिला आठवड्याचा, बहुधा पाच शिलिंगांच्या आसपास. म्हणजे वर्षाला तेरा पौंड. मिसेस बीटन यांच्या १८६१च्या गृहव्यवस्थेवरील ग्रंथात सर्व कामे करणाऱ्या मोलकरणीचा पगार वर्षाला नऊ ते चौदा पौंड दिला आहे. सगळी कमाई मुलावर घालवली, तरी आईची तोंडमिळवणी कशीबशी होणार.

दुसरा प्रकार एकरकमी. पाच-दहा पौंड एकदाच द्यायचे आणि मूल ‘दत्तक’ म्हणून कायमचे सोपवायचे. वर्तमानपत्रांत तशा जाहिराती येत. आईला हा सौदा स्वस्त वाटे. पण आकडेमोड करून पाहा. पाच पौंड म्हणजे शंभर शिलिंग. आठवड्याच्या दराने वीस आठवड्यांचा खर्च. त्यानंतर जगलेला प्रत्येक दिवस सांभाळणारीच्या खिशातून जाणार. आठवड्याच्या दरात मूल जगले तर उत्पन्न चालू राही. एकरकमी दरात मूल लवकर गेले तर नफा होई. शिवाय दर आठवड्याला पैसे देणारी आई चौकशीला येण्याची शक्यता होती. एकदाच पैसे देणाऱ्या आईने येऊ नये, हे तर सौद्यातच गृहीत होते.

सगळ्याच बायका क्रूर होत्या असे नाही. आठवड्याच्या पैशांवर परक्या मुलाला जीव लावणाऱ्याही होत्या. पण १८७०मध्ये लंडनच्या ब्रिक्स्टन भागातील मार्गारेट वॉटर्सच्या घरी अफूमिश्रित औषधाने गुंगवलेली, उपाशी मुले सापडली. तिच्या जाहिरातीतला दर होता पाच पौंड, सर्व खर्चासह. ऑक्टोबरमध्ये तिला फाशी झाली.

त्यानंतर १८७२चा अर्भकसंरक्षण कायदा आला. एक वर्षाखालची एकाहून अधिक मुले चोवीस तासांपेक्षा जास्त वेळ पैसे घेऊन ठेवणाऱ्यांनी नोंदणी करावी, एवढीच त्याची मुख्य अट. दिवसापुरती मुले सांभाळणाऱ्या शेजारणी त्यातून सुटल्या, हे रास्तच होते. स्त्रियांच्या हक्कांसाठी झगडणाऱ्या काही मंडळींचा या विधेयकाला विरोध होता. गरीब बायकांचा साधा रोजगार सरकारी देखरेखीखाली जाईल, ही त्यांची भीती. पण कायद्याने मुले मोजली, दराच्या पद्धतीला हात लावला नाही.

त्याची किंमत १८९६मध्ये दिसली. चेल्टनहॅमच्या एका बारमेडला आपल्या मुलीसाठी आठवड्याला पैसे द्यायचे होते. पुढे मुलीला परत नेण्याची तिची इच्छा होती. सांभाळणारी अमेलिया डायर मात्र दहा पौंड एकरकमीच हवेत म्हणून अडून बसली. मुलीचा मृतदेह थेम्स नदीत सापडला. डायरला जूनमध्ये फाशी झाली.

पुढच्याच वर्षी, १८९७च्या कायद्यात दर प्रथम आला. दोन वर्षांखालचे मूल वीस पौंड किंवा त्याहून कमी एकरकमी पैशांत घेतल्यास अधिकाऱ्यांना कळवणे बंधनकारक झाले. १९०८च्या बालकायद्याने एकच मूल ठेवणारी घरेही कक्षेत आणली.

दरमहा पैसे मोजणे पालकांना आज जाचक वाटते. पण त्या हप्त्यामुळेच आई-बाप दर महिन्याला त्या दाराशी जातात आणि सांभाळणारीलाही मूल हसतेखेळते दाखवावे लागते. इंग्लंडच्या कायद्याला हे उमगायला १८७२नंतर पंचवीस वर्षे लागली.