अलीगढच्या डोल्या

मुस्लिम मुलींच्या शिक्षणावर आपल्याकडे व्याख्यान असले की सुरुवात बहुधा समाजाला बोल लावण्यापासून होते. 'आपण किती मागासलेले आहोत' हे ऐकून एखाद्या बापाने मुलीचे नाव शाळेत घातल्याचे मी तरी पाहिलेले नाही. अशा वेळी मला अलीगढचे शेख अब्दुल्ला आणि त्यांच्या पत्नी वहीद जहाँ बेगम आठवतात.

सर सय्यद अहमद खान यांनी अलीगढला मुलांचे कॉलेज काढले, पण मुलींच्या शाळांना त्यांचा पाठिंबा नव्हता. आधी पुरुष शिकू देत, बायकांचे मग पाहू, असे त्यांचे मत. 1898 मध्ये ते वारले. पुढे त्यांच्याच कॉलेजात शिकून वकील झालेल्या शेख अब्दुल्लांनी हे राहिलेले काम हाती घेतले. 1902 मध्ये वहीद जहाँशी लग्न झाले आणि 1904 मध्ये 'खातून' नावाचे उर्दू मासिक निघाले. शाळेच्या आधी मासिक, हे मला फार शहाणपणाचे वाटते. बाईला घराबाहेर पाठवायला घाबरणारा माणूस घरात आलेला कागद सहसा अडवत नाही.

त्याच सुमारास, 1903 मध्ये, मुंबईच्या शिक्षण परिषदेत बद्रुद्दीन तय्यबजी अध्यक्षपदावरून पडद्याविरुद्ध उघड बोलले होते. त्यांच्या घरच्या मुली शिकत होत्या, त्यांना तो अधिकार होता. अलीगढच्या शरीफ घराण्यांत मात्र असे भाषण झाले असते, तर शाळा उघडण्याआधीच बंद पडली असती.

1906 मध्ये अलीगढ शहरातल्या एका घरात शाळा सुरू झाली. मुली मूठभर. त्या यायच्या पडदा लावलेल्या डोलीतून आणि तशाच घरी परतायच्या. शिकवायचे काय, तर कुरआन, उर्दू, थोडे गणित, शिवणकाम. यात बापाला हरकत घेण्यासारखे काहीच नव्हते. मुलगी संध्याकाळी घरी आली, आईला तिने पत्र वाचून दाखवले, घराण्याच्या इज्जतीला धक्का लागला नाही. शेजारच्या घराला एवढा पुरावा पुरे. भोपाळच्या सुलतान जहाँ बेगम यांनीही मदत दिली. त्या स्वतः बुरख्यात राहून संस्थान चालवत होत्या, त्यामुळे 'शिकलेली बाई बिघडते' हे त्यांच्याकडे बोट दाखवून म्हणणे अवघड होते!

खरी परीक्षा वसतिगृहाची. मुलीला चार तास पाठवणे निराळे आणि रात्री परक्या छताखाली ठेवणे निराळे. हे मागायला जोडप्याने आठ वर्षे थांबायचे ठरवले होते की तशी वेळच आली नाही, कोण जाणे; पण 1914 मध्ये सुलतान जहाँ बेगमांच्या हस्ते वसतिगृह उघडले तेव्हा शाळेची पत जमलेली होती. वहीद जहाँनी तिथल्या मुलींची देखभाल स्वतः अंगावर घेतली. मुली त्यांना 'आला बी' म्हणत. लोकांनी मुली सोपवल्या त्या या बाईच्या भरवशावर, शिक्षणाच्या तत्त्वावर नव्हे, असे मला वाटते.

उंच भिंती बांधून पडदा आणखी पक्का केला, अशी टीका या शाळेवर होते. ती खोटी नाही. पडदा हटवा असे या दोघांनी कोणत्याच बापाला सांगितले नाही. पण त्याच भिंतींच्या आत इस्मत चुगताई शिकल्या. या दांपत्याची मुलगी रशीद जहाँ याच शाळेतून पुढे जाऊन डॉक्टर झाली. 1932 मध्ये 'अंगारे' या उर्दू संग्रहात तिने पडद्याआडच्या बायकांचे हाल लिहिले, आणि पुढच्याच वर्षी सरकारने ते पुस्तक जप्त केले. आईबापांनी जे जपून, हळू मागितले, ते मुलीने ओरडून मागितले.

शाळेचे 1937 मध्ये पदवीपर्यंतचे कॉलेज झाले. वहीद जहाँ त्यानंतर दोन वर्षांनी गेल्या.